भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज

छेद वेगवेगळे असलेले अपूर्णांक मिळवण्याची अंकगणितातील रीत. एककाचे किती समान भाग केले ते छेद सांगतो, त्यांतले किती घेतले ते अंश. छेद सारखे असले तर भाग एकाच मापाचे असतात आणि नुसत्या अंशांची बेरीज पुरते. छेद निराळे असले की मापेच निराळी होतात, म्हणून आधी अपूर्णांकांना समच्छेद करावे लागते: प्रत्येकाच्या अंशाला व छेदाला एकाच शून्येतर संख्येने गुणायचे. अपूर्णांकाची किंमत तीच राहते, माप तेवढे बदलते.

सर्वसाधारण सूत्र असे: अ/ब + क/ड = (अ×ड + क×ब)/(ब×ड). तिरकस गुणाकाराची ही रीत कधी चुकत नाही, पण आकडे विनाकारण फुगवते. ५/१२ + ७/१८ या उदाहरणात ती ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ अशी जाते आणि शेवटी ६ ने भागून २९/३६ हाती येते. त्याऐवजी १२ व १८ यांचा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) ३६ घेतला, तर १५/३६ + १४/३६ = २९/३६ हे उत्तर थेट मिळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) या दोन्ही वाटा आहेत. एकमेकांच्या छेदांनी गुणावे हा तिथला मूळ नियम. जाणत्याने मात्र छेदांना आधी सामाईक अवयवाने भाग देऊन मग गुणावे.

लसावि घेतला म्हणजे उत्तर आपोआप संक्षिप्त रूपात येते, हा समज खरा नाही. १/६ + १/१० = ५/३० + ३/३० = ८/३०, म्हणजे ४/१५. पाठ्यपुस्तकांत सहसा न सांगितली जाणारी एक सोय इथे कामी येते. मूळचे दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त असतील, तर उत्तरात फक्त छेदांच्या मसाविचे (महत्तम सामाईक विभाजकाचे) मूळ, म्हणजे अविभाज्य, अवयवच छाटले जाऊ शकतात. ६ व १० यांचा मसावि २ आहे. तेव्हा ८/३० ला ३ किंवा ५ ने भाग जातो का, हे पाहण्याची गरजच नाही. मसावि १ असेल तर छाटण्यासारखे काही उरत नाही.

अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे ही नेहमीची चूक. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्याने एवढे पाहावे की २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे. धन अपूर्णांकांवर ही कृती केली आणि ते असमान असले, तर येणारी संख्या नेहमी त्या दोघांच्या मध्ये पडते. बेरीज तर दोघांहून मोठी हवी. कृती निरर्थक नाही, फेरी श्रेणीत (ठराविक मर्यादेपर्यंतचे छेद असलेल्या संक्षिप्त अपूर्णांकांच्या चढत्या क्रमातील यादीत) ती उपयोगी पडते. फक्त ती बेरीज नव्हे.

बीजगणितातही रीत हीच: १/क्ष + १/(क्ष+१) = (२क्ष+१)/(क्ष(क्ष+१)). समांतर जोडणीतील विद्युत रोधांचे व्यस्त असेच मिळवतात; ३ व ६ ओहमसाठी १/३ + १/६ = १/२, म्हणून परिणामी रोध २ ओहम.

समच्छेद करण्यातून एक सुंदर निष्कर्षही निघतो. १ + १/२ + १/३ + … + १/न ही बेरीज, न १ पेक्षा मोठा असता, कधीच पूर्णांक होत नाही. न पर्यंतच्या संख्यांत २ चा सर्वांत मोठा घात एकाच छेदात असतो. लसावि घेतल्यावर त्या पदाचा अंश विषम होतो, बाकी सगळ्यांचे सम. बेरजेचा अंश विषम आणि छेद सम, त्यामुळे भाग पूर्ण जाणार नाही.