कट : एक इंग्रजी क्रियापद आणि मुंबईची मराठी

कट हे इंग्रजीतले रोजच्या वापरातले क्रियापद. मूळ अर्थ धारदार वस्तूने कापणे. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल) या तिन्ही ठिकाणी मूळ रूप एकच राहते. जुन्या इंग्रजीत हा शब्द सापडत नाही. तिथे कापण्यासाठी वेगळी क्रियापदे होती. त्यांतलेच एक आज 'कार्व्ह' या रूपात कोरीवकामापुरते आणि ताटातले मांस कापण्यापुरते उरले आहे. कट लेखनात दिसू लागतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीस.

वाच्यार्थाने या एका शब्दासाठी मराठीत एक क्रियापद पुरत नाही. हत्यार कोणते, वस्तू कोणती, यावर निवड ठरते. भाजी विळीवर चिरतात, कागद कातरतात, फांदी छाटतात, ऊस आणि झाड तोडतात, कोथिंबीर खुडतात, केस आणि केक कापतात. वांग्याच्या चकत्या झाल्या की ते काप. मासळी बाजारात सुरमई कापून तुकड्या करून घेतात. अख्खे पापलेट तळायचे असेल तर मात्र त्याला नुसत्या चिरा देतात, म्हणजे मसाला आत मुरतो. शिंपी कापड आधी बेततो, खडूने खुणा करतो आणि शिलाईसाठी कडेला माया सोडून मगच कात्री चालवतो. माया कमी पडली तर कपडा पुढे सैल करता येत नाही. इंग्रजी मजकुरातला कट दिसेल तिथे 'कापणे' लिहीत जाणारा अनुवादक पहिला घसरतो तो इथे.

लक्षणार्थाने चुका जास्त होतात. 'पॉवर कट'चे भाषांतर 'वीज कापली' असे केले तर अर्थ बदलतो. वीज गेली म्हणजे पुरवठा खंडित झाला. वीज कापली म्हणजे बिल थकले म्हणून जोडणी तोडली. पगार, पाणी, खर्च यांच्यासाठी 'कपात' हा शब्द आहे आणि तो नेमका आहे. २०२४च्या उन्हाळ्यात तलावांतला साठा खालावला तेव्हा मुंबई महापालिकेने ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली होती. मराठीचेही स्वतःचे लाक्षणिक प्रयोग आहेतच : नाक कापणे, खिसा कापणे, केसाने गळा कापणे.

मुंबईच्या बोलीने कट उसना घेतला तो मुख्यतः जिथे पाते नाही अशा जागांसाठी. सोबत करणे, होणे किंवा मारणे लागते आणि अर्थ त्या जोडीवर ठरतो. 'फोन कट झाला' यात दोष नेटवर्कचा. 'फोन कट केला' यात माणसाचा, आणि भांडण पेटायला एवढा फरक पुरतो. 'पैसे कट झाले' म्हणजे खात्यातून वजा झाले, समोरच्याला पोचलेच असतील असे नाही. 'रिक्षाने कट मारला' म्हणजे शेजारून अचानक पुढे घुसली. 'पत्ता कट' म्हणजे यादीतून किंवा संघातून वगळणे. यात हिंदी 'कटना'चाही हात आहे. तो संस्कृत 'कृत्' धातूशी जोडला जातो, इंग्रजी कटशी त्याचे नाते नाही. दोघांचा उच्चार जुळल्यामुळे मुंबईतला एखादा प्रयोग कोणत्या भाषेतून आला हे दर वेळी वेगळे काढता येत नाही.

चित्रपटाच्या शहरात कट वेगळ्या वाटेने लाक्षणिक झाला. फिल्म होती तोवर संकलक ती खरोखर कापून तुकडे जोडत असे. संकलन संगणकावर गेले, कात्री गेली, तरी एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याला आजही कटच म्हणतात. संगणकावरच्या 'कट-पेस्ट'मध्येही कात्री आणि डिंक असेच शब्दापुरते उरले.

'कटिंग' हे रूप तर मुंबईने पूर्ण आपले केले. टपरीवर 'दोन कटिंग' म्हणजे सुमारे अर्धा-अर्धा ग्लास चहा; त्याच्या उलट 'फुल'. हा अर्थ इंग्रजीतून आलेला नाही, तो इथलाच. सलूनमध्ये हाच शब्द स्त्रीलिंगी होतो : 'कटिंग केली'. वर्तमानपत्रातल्या कटिंगसाठी कात्रण आणि झाडाच्या कटिंगसाठी छाट कलम हे शब्द रुळलेले आहेत, ते सोडण्याचे कारण नाही.

देवनागरीत लिहिताना या कटची गल्लत दोन जुन्या मराठी शब्दांशी होते. एक कारस्थान या अर्थाचा, जो रचतात. दुसरा स्वयंपाकघरातला : पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे निथळून काढलेले पाणी. कटाची आमटी त्याचीच. मिसळीवरच्या तिखट, तेलाच्या तवंगाच्या रश्शालाही कट म्हणतात.