छत्तीस गुण आणि सहावी जागा

मे महिन्यात मावसबहिणीच्या सोयरिकीची बैठक होती, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलर जीव खाऊन फिरून राहिला होता आणि पाहुण्यांच्या हातात पोह्याच्या प्लेटा. पत्रिका मोबाइलवरच जुळवून झाली होती, 36 पैकी 28 गुण. मी सहज विचारलं, दोघांची सिकलसेलची (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट झाली का? सगळे एकदम गप्प. नंतर स्वयंपाकघरात मावशीनं धरलंच, "काहून बोलला रे असं? पोरीतच काही खोट हाय असं वाटलं असन ना त्यायले!"

खरं तर मी कोणत्या तोंडानं बोलणार. मी स्वतः एएस पॅटर्नचा, म्हणजे वाहक: एक जीन चांगला (ए), एक सिकलसेलचा (एस), पण आजार नाही. कॉलेजच्या कॅम्पमध्ये कळलं होतं आणि तो कागद दोन वर्षं बॅगेच्या आतल्या कप्प्यात पडून होता, कारण माझ्यात आहे म्हणजे आईकडून नाहीतर बाबांकडून आलेला, आणि मग घरात "कोणाच्या घराण्यातून" हा विषय निघणारच.

तर भानगड काय आहे? हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, त्याच्या एका रेणूत चार साखळ्या मिळून 574 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात. त्यातल्या दोन बीटा साखळ्यांमध्ये सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल पाहिजे, तिथं व्हॅलिन येऊन बसतं. बस, एवढंच. हा नेमका बदल व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञानं 1957 मध्ये शोधला. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. रेणूजवळ ऑक्सिजन आहे तोवर सगळं ठीक, पण ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलिन नेमकं तिच्यात जाऊन बसतं. असे रेणू एकाला एक चिकटत चौदा पदरांचा दोर वळला जातो, गोल मऊ पेशी विळ्यासारखी ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पेशंटला जे मरणाचं दुखतं ते त्यामुळं.

पण माझी खरी आवडती गोष्ट पुढं आहे. दोर लगेच वळत नाही. ऑक्सिजन गेल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम भराभर. केशवाहिनीतून पेशी साधारण सेकंदभरात निघून जाते, त्यामुळं हा थांबायचा वेळ त्याहून मोठा असला तर पेशी वाचली. आणि हा वेळ पेशीतलं एस (म्हणजे व्हॅलिनवालं) हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर ठरतो, तोही साधारण तिसाव्या घातानं! म्हणजे 1.1 ला तीस वेळा गुणत जा, 17 येतात, तर दाटपणा नुसता 10 टक्के वाढला की वेळ सतरा पटीनं कमी. (डोकं गरगरलं तर हा भाग सोडून द्या, मलाही पहिल्यांदा काही कळलं नव्हतं.) म्हणून आपल्या उन्हाळ्यात सिकलसेलच्या पेशंटनं पाणी कमी पिणं म्हणजे दोराला स्वतःहून पीळ देणं. वाहकाच्या पेशीत अर्ध्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं, ते मध्ये येतं, म्हणून मी आरामात फिरतो. नवजात बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, म्हणून पहिले काही महिने काहीच दिसत नाही. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हेच जुनं हिमोग्लोबिन परत वाढवते.

आणि मग सहा-सात महिन्यांचं बाळ अचानक हात-पाय सुजून रडायला लागलं की लोक नजर उतरवतात, बाहेरची बाधा म्हणतात, सुनेच्या पायगुणावर येतात. सहाव्या जागेवरचं व्हॅलिन लिंबू-मिरचीनं हलत नाही हो. दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअॅपवर "आता जीन एडिटिंगनं सिकलसेल संपला" असे मेसेज, ते उपचार 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाले हे खरं, पण अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, मेडिकल चौकात मिळेल अशी वस्तू नाही ती.

आई-बाप दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस, म्हणजे दोन्ही जीन एस असलेलं आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. प्रत्येक वेळी, नव्यानं. "एक झालं ना, आता पुढचे तीन सुटले" असं शिकलेले लोकही बोलतात. एकच जण एएस आणि दुसरा पूर्ण नॉर्मल (एए) असला तर मूल फार तर वाहक होईल, आजारी नाही. म्हणजे लग्न मोडायचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही, आणि दोघंही एएस निघाले तरी गर्भ 10-12 आठवड्यांचा असताना तपासणी करता येते.

"हा त्यांच्यातला आजार, आपल्यात नसते" हेही त्या बैठकीत ऐकलं. हा जीन टिकला तो मलेरियामुळं, वाहकाला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. अॅलिसन नावाच्या शास्त्रज्ञानं 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवलं होतं हे. डास काही आडनाव विचारून चावत नव्हता. विदर्भात काही समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण बाकीच्यांनी तपासलंच कधी?

परवा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणे, "ते टेस्टले उपाशीपोटी जा लागते का रे?"

म्हटलं नाही, पोहे खाऊन गेली तरी चालते.