जानेवारीत पडणारी डिक्की

संक्रांतीच्या सुमारास ग्वाल्हेरात पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि लष्कर भागातल्या जुन्या गाड्यांच्या डिक्क्या डोक्यात पडू लागतात. ओम्नी असो की पंधरा वर्षं वापरलेली इनोव्हा, तक्रार एकच: दिवाळीपर्यंत ठीक होती, आता वर राहतच नाही. मिस्त्री दरवाजा एकदा वरखाली करून बघतो आणि निकाल देतो, "शॉकर बैठ गये, भाईसाहब." निकाल बरोबरच असतो. फक्त ते बसायला लागून दोन-तीन वर्षं झालेली असतात. थंडीनं ते चव्हाट्यावर आणलं, इतकंच.

डिक्की वर तोलून धरणाऱ्या या शॉकरमध्ये स्प्रिंग नसते. बंद पोलादी नळीत दाबून भरलेला नायट्रोजन, थोडंसं तेल आणि आतबाहेर सरकणारा गुळगुळीत दांडा, बस्स. नायट्रोजन पेटत नाही, आतून गंज चढवत नाही आणि स्वस्तही पडतो. दाब मात्र १०० बारच्या घरात असू शकतो. आपल्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार असतो.

आता गंमत बघा. दांड्याच्या आतल्या टोकाला पिस्टन असतो, पण डिक्की उचलतो तो पिस्टन नव्हे. पिस्टनला बारीक छिद्र असतं, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. मग जोर येतो कुठून? पिस्टनच्या एका बाजूला वायूला पूर्ण वर्तुळ मिळतं; दुसऱ्या बाजूला दांड्यानं मधली जागा अडवलेली असते. तेवढाच फरक वायू ढकलतो. म्हणजे जोर ठरतो दांड्याच्या जाडीवर. ८ मिलिमीटरच्या दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. १०० बार दाबाला त्यातून ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलोचा रेटा मिळतो. छिद्रातून वायू आणि तेल सावकाश जातं म्हणून डिक्की धाडकन न उघडता ऐटीत वर जाते. पिस्टनचं काम तेवढंच.

दहा-बारा किलोच्या दरवाजाला एवढा रेटा कशाला? कारण शॉकर बिजागरीच्या अगदी जवळ बसवलेला असतो आणि दरवाजाचं वजन तिच्यापासून हातभर लांब. तरफेचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो.

वायूचा दाब निरपेक्ष, म्हणजे केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. नळीवर छापलेला आकडा २० अंश सेल्सियसचा, म्हणजे २९३ केल्विनचा असतो. समजा, ५०० न्यूटनचा शॉकर झिरपून ४६० वर आलाय आणि डिक्की तोलायला ४५० लागतात. मे महिन्यात ४५ अंशांना तोच शॉकर ४९९ न्यूटन देतो, मालक खूश. जानेवारीत ५ अंशांना तो ४३६ वर येतो आणि दरवाजा खाली. म्हणून जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर डिक्की भर दुपारी तपासू नका, सकाळी गार असताना तपासा. उन्हात तापलेली गाडी या बाबतीत सपशेल खोटं बोलते.

वायू झिरपतो तो दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून. वयानं थोडा झिरपणारच. पण दांड्यावर ओरखडा उठला, रंगाचा थेंब वाळला किंवा गंजाचा ठिपका धरला की प्रत्येक उघडझापीला सील कापलं जातं. दांड्याला पक्कड लावू नका, ग्रीस फासू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि ती सीलवर पॉलिश पेपरसारखी घासते. कोरड्या फडक्यानं पुसलं की पुरे. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर समजा, सील गेलं. पुन्हा वायू भरून देणारे भेटतात. घरच्या गाडीसाठी मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

बदलायचे तर दोन्ही एकदम. एक नवा, एक जुना असेल तर दरवाजा तिरपा ओढला जातो. घेताना न्यूटनचा आकडा, पूर्ण उघडलेली लांबी, मिटलेली लांबी आणि टोकाच्या सॉकेटचं, म्हणजे गाडीवरच्या गोळीवर बसणाऱ्या वाटीचं, माप जुळवा. "थोडा जास्त पॉवरवाला" दुकानदार आग्रहानं देईल, तो नको: डिक्की बंद असताना शॉकर बिजागरीच्या दिशेनंच रेटत असतो, आणि जुन्या गाडीचा तिथला पत्रा आधीच गंजलेला असतो.

डिक्कीला भक्कम काठी लावा, शिवाय घरातल्या कुणाला तरी धरायला उभं करा. जुना शॉकर कसा बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. सॉकेटवरची तारेची क्लिप चपट्या स्क्रूड्रायव्हरनं किंचितच उचला; पूर्ण उपसली तर ती उडून नालीत जाते. सॉकेट गोळीवरून ओढलं की सुटतं, नवं दाबलं की टक् आवाज होऊन बसतं. मग दुसरी बाजू. शक्यतो दांडा खाली राहील असा बसवतात, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं आणि सील वाळत नाही. पण कंपनीनं उलटा बसवला असेल तर फोटोप्रमाणेच जा.

काढलेले शॉकर मेलेले दिसले तरी आत कित्येक बार दाब शिल्लक असतो. ते कापायचे, तापवायचे किंवा होळीत टाकायचे नाहीत, आणि भंगारवाल्याला देताना आत गॅस आहे हे त्याच्या कानावर घालायचं.