फोन टॅपिंगची परवानगी आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’

२०२५ च्या जून-जुलैमध्ये जेमतेम आठवड्याच्या अंतराने दोन उच्च न्यायालयांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. लाचखोरीच्या तपासासाठी एखाद्याचा फोन टॅप करता येतो का? दिल्लीने म्हटले, येतो. मोठा भ्रष्टाचार देशाच्या अर्थव्यवस्थेला पोखरतो, तेव्हा त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न येतोच. मद्रासने म्हटले, नाही. आणि समोरच्या प्रकरणातील ऑगस्ट २०११ चा टॅपिंगचा आदेशच रद्द केला. या मतभेदाचे मूळ १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ५(२) मध्ये आहे.

हे कलम दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी : सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असली पाहिजे. ती ओलांडली तरच दुसरी : देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एक कारण लेखी नोंदवायचे. बहुतेक आदेश दुसऱ्या पायरीची भाषा उतरवतात आणि पहिली गृहीत धरतात. खरी गफलत इथेच आहे.

ब्रिटिश काळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तारयंत्रणा सरकारच्या ताब्यात राहावी, एवढाच तेव्हाचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतरही हत्यार तेच राहिले. १९८६ मध्ये टपाल उघडून पाहण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेत मंजूर झाले, पण तत्कालीन राष्ट्रपतींनी त्यावर सही केली नाही आणि ते तिथेच थांबले. फोनच्या बाबतीत असा अडसर कधी आला नाही.

राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचा अहवाल बाहेर आल्यावर एका नागरी हक्क संघटनेने १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा प्रश्न ही काही गुप्त परिस्थिती नसते, ती कोणाही समंजस माणसाला उघड दिसली पाहिजे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. या एका वाक्याचे वजन मोठे आहे. दंगल, पूर, दहशतवादी हल्ला हे उघड दिसते. बंद खोलीत ठरलेली लाच दिसत नाही. तेव्हा गुप्त गुन्हा उकलण्यासाठी हे कलम वापरायचे असेल, तर आधी कायदा बदलायला हवा, आणि तो अधिकार संसदेचा आहे.

त्याच निकालाने आदेश केवळ गृहसचिवांनी काढायचे, दोन महिन्यांनी ते आपोआप संपायचे, कमाल मुदत सहा महिने, आणि सरकारी सचिवांच्या आढावा समितीने प्रत्येक आदेश तपासायचा, अशी चौकट घालून दिली. आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. पुढच्या सगळ्या अडचणी या एका नकारातून आल्या. परवानगी देणारे सरकार, तपासणारेही सरकार. आणि ज्याचा फोन टॅप होतो, त्याला कळवण्याची तरतूद या चौकटीत नाही.

या चौकटीतून पुढे टेलिग्राफ नियमांमध्ये नियम ४१९-अ आला. त्याचे सविस्तर रूप २००७ चे. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आधी टॅपिंग सुरू करू शकत असे, पण कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचे आणि कामकाजाच्या सात दिवसांत गृहसचिवांची मान्यता घ्यायची. मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे असे आदेश स्वीकारायला नेमलेल्या माणसाने, पत्र मिळाल्यापासून दोन तासांत पोच द्यायची आणि दर पंधरवड्याला आलेल्या आदेशांची यादी तपास यंत्रणेला परत पाठवून ते खरे आहेत ना, याची खात्री करून घ्यायची. ही पंधरवड्याची यादी क्षुल्लक वाटते, पण तीच कामाची आहे. २००५-०६ च्या सुमारास दिल्लीत एका राजकारण्याचा फोन बनावट पत्रावर टॅप झाला होता. पत्र व्याकरणाच्या चुकांनी भरलेले असूनही कंपनीने खातरजमा केली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुनावले.

आढावा समितीचे काय झाले, ते आकड्यांवरून कळते. केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश काढत होते, असे माहिती अधिकारातील एका उत्तरातून पुढे आले. समितीने किमान दोन महिन्यांतून एकदा बसायचे असते. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. तीन सचिवांनी ते वाचून निर्णय देणे शक्यच नाही.

त्यामुळे पहिल्या पायरीची खरी तपासणी होते ती आरोपपत्र दाखल झाल्यावर, आरोपीच्या वकिलाने आदेशाची प्रत मागितली तरच. मुंबई उच्च न्यायालयात नेमके हेच घडले. बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप असलेल्या व्यावसायिकाविरुद्ध २००९-१० मध्ये तीन आदेश निघाले होते. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने तिन्ही रद्द केले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. बेकायदा मिळवलेला पुरावाही संबद्ध असेल तर चालतो, हा जुना युक्तिवाद इथे टिकला नाही. तो युक्तिवाद मुंबईच्याच एका कॉरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील) लाचखोरीच्या खटल्यातून, १९७२ च्या निकालापासून चालत आला होता; पण तेव्हा फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरच्या संमतीनेच टेपरेकॉर्डर जोडला होता, हा फरक सोयीने विसरला जातो.

संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ च्या मकोकात वेगळी वाट काढली. त्यातही मंजुरी सरकारी अधिकाऱ्याचीच, पण खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि अर्जाची प्रत न दिल्यास ते संभाषण पुरावा म्हणून घेता येत नाही. टेलिग्राफ कायद्यात एवढेही नव्हते.

इंटरनेटच्या बाबतीत तर पहिली पायरीच काढून टाकली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये, २००८ च्या दुरुस्तीनंतर, आणीबाणी किंवा सुरक्षिततेची अट नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण पुरते. सांकेतिक मजकूर उलगडून द्यायला नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा केंद्रीय यंत्रणांना हे अधिकार मिळाले. तोच संवाद साध्या कॉलवर झाला तर एक कसोटी, डेटावरून झाला तर दुसरी, हे तर्काला धरून नाही.

कॉलच्या तपशिलांची, म्हणजे सीडीआरची, स्थिती याहून सैल आहे. कोणी कोणाला, कधी, कोणत्या टॉवरवरून फोन केला, हे मागायला गृहसचिव लागत नाहीत. पोलिसांची नोटीस पुरते. त्यातून चोरवाटा निघतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडले. त्यानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, कंपन्यांनी ही नोंद जपण्याची किमान मुदत एक वर्षावरून दोन वर्षे झाली. चोरी होऊ शकेल असा साठा कमी करण्याऐवजी दुप्पट केला गेला.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने टेलिग्राफ कायदा मोडीत काढला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये टॅपिंगचे नवे नियम आले. तातडीच्या टॅपिंगला मुदतीत मान्यता मिळाली नाही, तर ते संभाषण पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे आता स्पष्ट लिहिले आहे. हा बदल चांगला आहे. पण आढावा समिती सचिवांचीच राहिली, आणि नव्या कायद्याच्या कलम २०(२) मध्ये ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द व्याख्येविना तसेच उतरले. त्यामुळे दिल्ली आणि मद्रासमधील मतभेद नव्या कायद्यातही तसाच शिल्लक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चे ते वाक्य पुन्हा तपासेपर्यंत लाचखोरीच्या खटल्यातील टॅपिंग टिकेल की नाही, हे तो खटला कोणत्या राज्यात चालतो यावर ठरेल.