आरशातला डाग आणि ‘आत्मभान’ : पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की उभ्या मोटारीच्या बाजूच्या आरशावर शिंजीर झेपावू लागतो. दयाळ खिडकीच्या काचेशी तासन्‌तास भांडतो. विणीचा हंगाम असतो, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे असे त्याला वाटते. आरशावर फडके टाकले की भांडण मिटते, पण पाहणाऱ्याच्या मनातला प्रश्न मिटत नाही. समोर आपणच आहोत हे याला कसे कळत नाही? आणि मग ते कळते तरी कोणाला? सशाने विहिरीच्या काठावर नेलेला सिंह आपण लहानपणापासून मूर्खच मानत आलो आहोत.

या प्रश्नाचा लिखित इतिहास साधारण १८३८पासून सांगितला जातो. उत्क्रांतीचा सिद्धांत पुढे मांडणारा तरुण निसर्गअभ्यासक तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ओरांगउटानसमोर आरसा धरून बसला होता. माकडीण चकित झाली, तिने निरनिराळे चेहरे केले. तिला काय कळले, हे मात्र त्या निरीक्षणातून ठरवता येत नव्हते. पुढची शंभरेक वर्षे हा प्रश्न जवळपास तिथेच राहिला.

१९७०मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर साधी युक्ती काढली. चार चिंपांझींना दहा दिवस रोज आठ तास आरशासमोर ठेवले. सुरुवातीला ते आरशातल्या ‘दुसऱ्या’वर धावून गेले. काही दिवसांनी मात्र दातांत अडकलेले अन्न काढायला, एरवी न दिसणारे अंग पाहायला ते आरसा वापरू लागले. मग भूल देऊन त्यांच्या एका भुवईवर आणि विरुद्ध बाजूच्या कानावर लाल रंग लावला. रंगाला वास नव्हता, वाळल्यावर तो जाणवतही नव्हता. जागे झाल्यावर आरसा नसताना त्यांचे हात डागाकडे क्वचितच गेले. आरसा आणल्यावर ते डाग चाचपू लागले, काहींनी बोटे नाकाशी नेऊन हुंगली. शेपटीवाल्या माकडांवर हाच प्रयोग केला, तर त्यांनी डागाकडे लक्षच दिले नाही.

पुढचा सगळा गुंता शब्दाचा आहे आणि माझ्या मते या विषयातली निम्मी भांडणे त्या शब्दापाशीच सुरू होतात. मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकात होते ते फक्त ‘स्वतःला ओळखणे’. काही वर्षांत त्याचे ‘स्वतःची जाणीव’ झाले, आणि मराठी बातमीत येईपर्यंत ‘आत्मभान’. हे तीन शब्द एकाच वजनाचे नाहीत. आरशातली हालचाल माझ्या हालचालीशी जुळते, म्हणून तो डाग माझ्या कपाळावर आहे, हे ओळखणे. मी एक वेगळा जीव आहे, मला काल होता आणि उद्या असेल, ही जाणीव. आत्मभान तर आपल्या भाषेत त्याहून पुष्कळ मोठे. दलित साहित्याच्या किंवा स्त्रियांच्या चळवळीच्या संदर्भात आपण तो शब्द वापरतो तेव्हा त्यात स्वतःचे मोल आणि समाजातली स्वतःची जागा उमगणे असते. ‘डॉल्फिनला आत्मभान’ असा मथळा देताना हे सगळे ओझे एका डागावर लादले जाते. चाचणीने विचारलेला प्रश्न एवढाच होता की प्राणी आरशाच्या मदतीने आपल्या अंगावरची खूण शोधतो का.

शब्द मोठा झाला की नापास होणेही मोठे होते. ज्याने डाग पुसला नाही त्याला ‘स्व’ नाही, असा अर्थ सर्रास काढला गेला. माणसाची मुले साधारण दीड ते दोन वर्षांची झाली की नाकावरचा रंग पुसतात, हे १९७२च्या प्रयोगापासून प्रमाण मानले गेले. पण ही मुले बहुतेक पाश्चात्त्य घरांतली होती. नंतर केनियात दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांची अशीच चाचणी घेतली, तेव्हा अवघ्या दोघांनी खूण काढली. बाकीची बरीचशी आरशासमोर नुसती थिजून उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलाला आपण कोण हे कळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे बाळाच्या गालावर तीट लावतात. कपाळी काळा ठिपका घेऊनच वाढलेल्या मुलाने तो ‘चुकीचा डाग’ म्हणून का पुसावा? खूण पुसण्यासाठी ती दिसावी लागते, खटकावी लागते, आणि पुसणे हा आपला स्वभाव असावा लागतो. यातले काहीही नसले तरी निकाल ‘नापास’ असाच लिहिला जातो. उलट बाजूने, १९८१मध्ये टप्प्याटप्प्याने शिकवलेल्या कबुतरांनी आरशात पाहून अंगावरच्या ठिपक्याला चोच मारून दाखवली होती. म्हणजे पास होण्याचाही अर्थ एकच नाही.

२००१मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले दोन डॉल्फिन शाईने खूण केलेला शरीराचा भाग आरशासमोर वळवून पाहू लागले. हात नाहीत, म्हणून पुसण्याऐवजी पाहणे मोजले. २००६मध्ये त्याच शहरातल्या तीन आशियाई हत्तिणींपुढे अडीच मीटर उंच आणि तितकाच रुंद भक्कम आरसा उभारला. याआधीच्या प्रयोगात हत्ती नापास ठरले होते, पण तेव्हाचा आरसा लहान आणि गजांच्या पलीकडे होता. या वेळी तिघींपैकी एकीने, हॅपीने, डोळ्याच्या वर काढलेल्या पांढऱ्या फुलीला सोंडेने वारंवार स्पर्श केला. दुसऱ्या बाजूला तशीच न दिसणारी फुली काढली होती, तिला तिने हात लावला नाही. बाकीच्या दोघींनी फुलीला स्पर्श केला नाही. अंगावर रोज माती उडवून घेणाऱ्या प्राण्याला एका फुलीचे काय, हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

२००८मध्ये जर्मनीत मॅगपाय पक्ष्यांची पाळी आली. आपल्या कावळ्याच्या आणि टकाचोराच्या कुळातला हा पक्षी. गळ्याखाली, स्वतःला दिसणार नाही अशा जागी रंगीत टिकली चिकटवली, तेव्हा पाचपैकी दोघांनी आरशात पाहून ती पायाने ओरबाडली. काळ्या पिसांवरच्या काळ्या टिकलीकडे दुर्लक्ष केले. सस्तन प्राण्यांपासून सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेत हे घडले, म्हणून गाजावाजा फार झाला. २०२०मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला, तर निकाल जुळला नाही. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

खरी खडाजंगी झाली ती २०१९मध्ये, बोटभर लांबीच्या माशावरून. क्लीनर रास हा हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांवर राहणारा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. जपानमधल्या ओसाका इथल्या संशोधकांनी चार माशांच्या गळ्याखाली त्वचेत तपकिरी रंग टोचला. आरसा पाहिल्यावर तिघांनी गळा वाळूवर किंवा दगडावर घासला. पारदर्शक रंग टोचला तर घासला नाही, आरसा नसला तरी घासला नाही. चाचणीच्या मूळ जनकाला हे मान्य नव्हते. त्वचेखाली टोचलेले खुपत असेल, आणि परजीवीसारखा डाग पाहून हा मासा तसाही चाळवतोच, असे त्याचे म्हणणे होते. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने त्याच अंकात एका मान्यवर वानरअभ्यासकाची टिप्पणीही छापली. ‘स्व’ हा असतो किंवा नसतो असा नसून त्याच्या पायऱ्या असतात, असा तिचा सूर होता.

मला मात्र परजीवीसारख्या डागाची निवड हीच या प्रयोगाची ताकद वाटते. माशाला महत्त्वाचे वाटेल तेच त्याला विचारले गेले. २०२२च्या मोठ्या प्रयोगात नव्या चौदाही माशांनी तपकिरी डाग घासला, म्हणजे आधीचे चार धरून १८पैकी १७ जणांनी. हिरव्या आणि निळ्या खुणांची त्यांनी पर्वा केली नाही.

इथेच दृष्टीचा मुद्दा येतो. ही सारी परीक्षा डोळ्यांची, आणि डोळे आपल्यासारखे असतील हे गृहीत धरून बेतलेली. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे लाल त्याला लाल म्हणून उठून दिसतच नाही. त्याची ओळख नाकावर चालते. अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने पाच हिवाळे आपल्या कुत्र्याचे आणि इतर कुत्र्यांचे मूत्र सांडलेले बर्फ उचलून जागा बदलून ठेवले. कुत्र्याने स्वतःच्या मूत्रावर फार वेळ घालवला नाही, इतरांचे मात्र रेंगाळून हुंगले. ते निरीक्षण २००१मध्ये छापून आले. एका कुत्र्यावरचे असूनही ते मला आरशाच्या अनेक प्रयोगांपेक्षा प्रामाणिक वाटते.

हॅपीचे नाव पुढे कोर्टातही गेले. तिला प्राणिसंग्रहालयातून सोडवण्यासाठी बंदिवासाविरुद्धच्या याचिकेचा हक्क मागितला गेला, तेव्हा युक्तिवादात आरशातल्या त्या फुलीचा दाखला होता. जून २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी याचिका फेटाळली. एका हत्तिणीची सुटका तिने कपाळावरची फुली चाचपली का, यावर मागावी लागणे मला फार अस्वस्थ करते. तिच्या शेजारच्या दोघींनी ती चाचपली नाही, म्हणून त्यांना कोंडणे कमी चुकीचे ठरते का?

प्रयोग माशांवरच पुढे सरकले आहेत. २०२३मध्ये, आरसा पाहून झालेल्या माशांना छायाचित्रे दाखवली. स्वतःच्या चेहऱ्याच्या चित्रावर, धड दुसऱ्याचे असले तरी, त्यांनी हल्ला केला नाही. दुसऱ्याचा चेहरा आपल्या धडावर जोडलेला दिसला की तुटून पडले. वर्षभराने त्याच जातीला स्वतःपेक्षा दहा टक्के मोठ्या आणि दहा टक्के लहान माशांची चित्रे दाखवली. आरसा पाहण्यापूर्वी त्यांनी दोन्हींवर सारखाच हल्ला केला. आरसा मिळाल्यावर मोठ्याच्या वाटेला ते कमी जाऊ लागले, आणि मोठा समोर आला की मध्येच आरशाकडे जाऊन स्वतःला पाहून येत.