महिला जागतिक हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा : संस्मरणीय क्षण

आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाची ही स्पर्धा १९५७ मध्ये युगोस्लाव्हियात सुरू झाली. पहिले अजिंक्यपद चेकोस्लोव्हाकियाने मिळवले. १९९३ पासून ती दर दोन वर्षांनी भरते आणि २०२१ पासून तीत ३२ संघ खेळतात. साठ मिनिटांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासेक गोल सहज होतात. एवढ्या गोलांत एकाचे ते काय मोल, असे नवख्या प्रेक्षकाला वाटते. पण या स्पर्धेच्या लोकांना आठवणाऱ्या अंतिम सामन्यांत बहुधा शेवटचा एखादाच गोल भारी पडलेला दिसतो.

१५ डिसेंबर २०१९ रोजी जपानमधील कुमामोतो येथे नेदरलँड्स आणि स्पेन समोरासमोर होते. डच संघ स्लोव्हेनियाकडून सलामीचाच सामना हरला होता. उपांत्य सामन्यात त्याने रशियाला ३३-३२ असे जेमतेम हरवले. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला २९-२९ अशी बरोबरी झाली. नियमानुसार अखेरच्या ३० सेकंदांत प्रतिस्पर्ध्याची फेक बेकायदा अडवली, तर अडवणारी खेळाडू बाद होते आणि समोरच्या संघाला सात मीटरची फेक मिळते. स्पेनला नेमके हेच भोवले. या फेकीत नेमबाज सात मीटरच्या रेषेमागे एकटी उभी राहते. शिट्टी झाल्यावर तीन सेकंदांत चेंडू सोडायचा आणि तोपर्यंत एक पाय जमिनीला टेकलेला ठेवायचा. गोलरक्षक चार मीटरच्या खुणेपर्यंत पुढे येऊन हातपाय फाकवते, त्यामुळे तीन मीटर रुंद गोल अचानक चिंचोळा भासू लागतो. लोइस अबिंगने चेंडू आत घातला, नेदरलँड्स ३०-२९ ने जिंकले आणि डच महिलांना पहिलेवहिले विश्वविजेतेपद मिळाले. ७१ गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारीही अबिंगच होती. स्पेनच्या पाठीराख्यांना ती शिक्षा कठोर वाटली असेल, पण नियमात पळवाट नव्हती.

थरारात या सामन्याला मागे टाकेल अशी लढत एकच, २००३ ची क्रोएशियातील झाग्रेबमधील. हंगेरीने उत्तरार्धात फ्रान्सवर सात गोलांची आघाडी घेतली होती. फ्रान्सची गोलरक्षक व्हॅलेरी निकोला पाय रोवून उभी राहिली, फ्रान्सने एकेक गोल वसूल केला आणि वेळ संपता संपता लेला लेज्यूनच्या सात मीटर फेकीने बरोबरी साधली. जादा वेळेत दमलेल्या हंगेरीची गाडी रुळावर आलीच नाही. फ्रान्स ३२-२९ ने जिंकला.

२०१३ चा अंतिम सामना प्रेक्षकांमुळे ध्यानात राहतो. बेलग्रेडमध्ये १९,००० हून अधिक लोक यजमान सर्बियासाठी ओरडत होते आणि समोर ब्राझील होता. डॅनिश प्रशिक्षक मोर्टेन सोबाक यांच्या या संघाने उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीला दुसऱ्या जादा वेळेपर्यंत झुंजून हरवले होते. सर्बियाला २२-२० असे नमवून अमेरिका खंडातील पहिला विजेता होण्याचा मान ब्राझीलने मिळवला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेली दुदा आमोरिम याच संघातली. युरोपाबाहेर हे अजिंक्यपद त्याआधी एकदाच गेले होते : १९९५ मध्ये दक्षिण कोरियाने हंगेरीला २५-२० ने हरवले तेव्हा. हंगेरीच्या नशिबी असे प्रसंग वारंवार यावेत, हेही नवलच.

यजमानांनी बाजी मारल्याचे उदाहरण म्हणजे १९९९ चा नॉर्वे. डेन्मार्कसोबत भरवलेल्या त्या स्पर्धेत प्रशिक्षक मारिट ब्रेइविक यांच्या संघाने दुसऱ्या जादा वेळेनंतर फ्रान्सवर २५-२४ ने मात केली.

भारतीय महिला २०२५ पर्यंत या स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेल्या नाहीत. मात्र २०२५ साठी आशियाई संघ निवडणारी अजिंक्यपद स्पर्धा डिसेंबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत झाली.