प्रगत मार्कअपच्या अभ्यासक्रमामागचा इतिहास

एचटीएमएलची, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या खुणांच्या भाषेची, तोंडओळख झालेला विद्यार्थी पुढच्या टप्प्यावर येतो तेव्हा त्याला बहुधा काही चमकदार युक्त्या शिकायला मिळतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे येतात त्या शीर्षकांच्या पातळ्या, अर्जातील रकान्यांना जोडायची लेबले, तक्त्यांचे मथळे, चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहायचे पर्यायी मजकूर आणि पानाची भाषा सांगणारा एक लहानसा गुणधर्म, म्हणजे खुणेसोबत लिहायची नोंद. यात प्रगत ते काय, असा प्रश्न त्याला पडला तर त्यात नवल नाही. आज प्रगत म्हणून जे शिकवले जाते त्यातले बरेचसे मार्कअपच्या मूळ कल्पनेतच होते; मधल्या काही वर्षांत ते हातून निसटले आणि परत मिळवताना बरीच यातायात झाली. अभ्यासक्रमाला आजचे रूप आले ते त्या यातायातीतून.

‘मार्कअप’ हा शब्द मुळात छापखान्यातला आहे. संपादक हस्तलिखिताच्या समासात टाइपाच्या आणि आकाराच्या खुणा करी आणि जुळारी त्या पाहून खिळे जुळवी. 1969 मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे दोन सहकारी कायदेशीर दस्तऐवजांवर काम करत असताना त्यांनी ही पद्धत उलटी केली. मजकुराचा एखादा तुकडा कसा दिसावा हे न सांगता तो तुकडा म्हणजे काय आहे, शीर्षक की परिच्छेद की यादी, एवढेच खुणेने सांगायचे आणि दिसण्याचा निर्णय नंतरच्या यंत्रणेवर सोपवायचा, अशी ही कल्पना होती. तिच्यातूनच 1986 मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत एचटीएमएल तयार केली तेव्हा तिची घडण एसजीएमएलवरूनच घेतली होती. 1991 च्या त्यांच्या पहिल्या दस्तऐवजात अवघे 18 टॅग, म्हणजे अशा खुणा, होते आणि त्यांत सहा पातळ्यांची शीर्षके, परिच्छेद आणि याद्या होत्या. रंग आणि टाइप यांसाठी मात्र काही नव्हते. असे पान पडद्यावर दाखवता येई, तसेच वाचूनही दाखवता येई. सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता येणे, हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, पण तिची पूर्वअट आपोआप पुरी झाली होती.

बिघाड सुरू झाला तो वेब लोकप्रिय झाल्यावर. फेब्रुवारी 1993 मध्ये मोझेक ब्राउझरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवणारा टॅग सुचवला; त्या प्रस्तावात चित्राची फाइल कोठे आहे हे सांगायची सोय होती, पर्यायी मजकुराची नव्हती. ‘ऑल्ट’ हा गुणधर्म नोव्हेंबर 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये आला आणि बंधनकारक झाला तो 1997 च्या एचटीएमएल 4.0 मध्ये. दरम्यान नेटस्केप या ब्राउझर कंपनीने टाइपाचा आणि मजकूर मध्यभागी आणण्याचा, असे निव्वळ दिसण्याचे टॅग आणले होते, आणि आकड्यांसाठी असलेल्या तक्त्याचा उपयोग लोक पानाची मांडणी करण्यासाठी करू लागले होते. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी एक तक्ता आणि रिकामी जागा भरायला एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र, ही त्या काळची रीत होती. त्या मंडळींना दोष देणे सोपे आहे, पण दुसरे साधन हाताशी नव्हते. होकॉन लिए यांनी सीएसएसची, म्हणजे पानाचे दिसणे मार्कअपपासून वेगळे लिहिण्याच्या भाषेची, कल्पना 1994 मध्ये मांडली आणि तिची पहिली आवृत्ती डिसेंबर 1996 मध्ये मानक झाली खरी, परंतु ब्राउझरांनी ती नीट पाळायला पुढे कित्येक वर्षे घेतली. नजरेला अशी पाने ठाकठीक दिसत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र मार्कअपमधील क्रमाने वाचतो, त्यामुळे दृष्टिहीन वाचकाला एका रकान्यातले अर्धे वाक्य संपण्याआधीच भलत्याच रकान्यातला मजकूर ऐकू येई.

या पार्श्वभूमीवर 1997 ते 1999 ही वर्षे निर्णायक ठरली. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने 1997 मध्ये वेब सुगम्यता उपक्रम सुरू केला. त्याच वर्षीच्या एचटीएमएल 4.0 ने टाइपाचे टॅग त्याज्य ठरवले आणि अर्जासाठी लेबल, संबंधित रकाने एकत्र बांधणारा फील्डसेट, तक्त्यातला कोणता मथळा कोणत्या ओळीला किंवा स्तंभाला लागू आहे हे सांगणारे गुणधर्म अशी भर घातली. आजच्या प्रगत पाठांचा निम्मा भाग याच एका आवृत्तीतून आला आहे. 1998 मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या गटाने ब्राउझर कंपन्यांनी मानके पाळावीत म्हणून मोहीम उघडली. 5 मे 1999 रोजी सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी 1.0, प्रसिद्ध झाली. त्यांत 14 तत्त्वे आणि 65 तपासबिंदू होते.

या तत्त्वांना न्यायासनापुढे वजन मिळाले ते ऑस्ट्रेलियात. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांनी सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध जून 1999 मध्ये तक्रार केली. चित्रांना पर्यायी मजकूर नाही, क्रीडाप्रकारांच्या अनुक्रमणिकेपर्यंत पोहोचता येत नाही आणि निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्तीला अवाजवी कष्ट आणि खर्च पडेल, असा बचाव समितीने केला. मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट 2000 मध्ये तो फेटाळून दुरुस्तीचा आदेश दिला आणि त्याचे पुरते पालन न झाल्याने समितीला पुढे 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. तक्रारीत ज्या उणिवा होत्या त्यांवरचे टॅग आणि गुणधर्म एचटीएमएल 4.0 मध्ये आधीच उपलब्ध होते, ही गोष्ट या खटल्यात सर्वांत बोलकी वाटते.

यानंतर मानकांच्या बाजूनेच एक वेगळी चूक झाली. जानेवारी 2000 मध्ये एक्सएचटीएमएल 1.0 ही एचटीएमएलची अधिक कडक नियमांची आवृत्ती आली आणि प्रत्येक टॅग बंद केला आहे का, त्याचे नाव लहान लिपीतल्या रोमन अक्षरांत आहे का, याची शिस्त शिकवली जाऊ लागली. तपासणी यंत्राने पान निर्दोष ठरवले की त्याचे बोधचिन्ह पानाच्या तळाशी मिरवण्याची तेव्हा टूमच होती. पण व्याकरण निर्दोष असले म्हणजे मजकूर सार्थ असतोच असे नाही: ‘चित्र’ एवढाच शब्द पर्यायी मजकूर म्हणून लिहिलेले पानही त्या तपासणीत उत्तीर्ण होई. पुढची एक्सएचटीएमएल 2 तर जुन्या पानांशी नातेच तोडणारी होती. 2004 मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा येथील मंडळींनी वेगळा गट काढून एचटीएमएल पुढे नेली आणि 28 ऑक्टोबर 2014 रोजी एचटीएमएल 5 अधिकृत मानक झाली. तिने चुकीचे मार्कअपही सर्व ब्राउझरांनी एकाच रीतीने कसे सावरायचे हे नेमके लिहून ठेवले. परिणामी ऑक्टोबर 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये टॅगांच्या निव्वळ शुद्धतेचा निकष काढून टाकण्यात आला. मानकांनुसार असणे आणि सुगम असणे या दोन गोष्टी अजूनही एका दमात उच्चारल्या जातात. त्या एकच नाहीत, याची ही एक प्रकारे अधिकृत कबुली आहे.

मार्च 2014 मध्ये मानक झालेल्या एरिया या गुणधर्मसंचाचाही उल्लेख करायला हवा. पान पुन्हा न उघडता मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर बटणे आणि मेनू सर्रास ‘डिव्ह’ या निरर्थक टॅगपासून घडवले जात होते. त्यांची भूमिका आणि स्थिती स्क्रीन रीडरला कळावी म्हणून तो आला. जेथे मूळचा टॅग आहे तेथे एरिया वापरू नये, हा त्याचा पहिला नियम आहे. हौशी विद्यार्थी नेमका तोच विसरतात.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याखालील नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात बंधनाऐवजी केवळ शिफारशी होत्या. आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच जगण्याच्या हक्काचा भाग मानली.

मराठी पानांचा इतिहास याला समांतर, पण अधिक खडतर आहे. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकात, असली तरी पुढची दहा-पंधरा वर्षे मराठी मजकूर मुख्यतः अशा फाँटांत लिहिला जाई, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, संगणकाजवळ मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता असे आणि स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवी. युनिकोडने हा प्रश्न मिटवला, पण भाषेच्या गुणधर्माचा प्रश्न राहिला. तयार साच्यावर बेतलेल्या मराठी पानात हा गुणधर्म पुष्कळदा इंग्रजीच राहून जातो. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा ठरवता येत नाही, आणि हिंदी आवाजाने मराठी वाचली की ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च सारखाच उच्चारला जातो. पूर्ण पानाची भाषा सांगणे हा डब्ल्यूसीएजीच्या सर्वांत खालच्या पातळीवरचा निकष आहे, तर मराठी परिच्छेदात आलेल्या इंग्रजी अवतरणाची भाषा वेगळी नोंदवणे त्याच्या वरच्या पातळीवर येते.